ऑनलाइन लिलावातली टवाळ बोली : विक्रेत्यांनो, या चुका टाळा

जुनी एचएमटी घड्याळं, ग्रामोफोनच्या तबकड्या, टपाल तिकिटं, फिल्मचे कॅमेरे यांचे लिलाव आता फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सर्रास चालतात. पोस्टखाली बोली लिहायची, ठरलेल्या वेळी लिलाव बंद, सर्वांत मोठ्या बोलीवाल्याने पैसे पाठवायचे. आणि कधी ना कधी एखादा येतो, सोळाशेवर पोहोचलेल्या घड्याळावर नव्वद हजार लिहितो आणि गायब होतो. विक्रेता संतापून त्याच्या मागे लागतो. पण ते नव्वद हजार कधी येणारच नव्हते. खरं नुकसान होतं ते मनापासून सोळाशे देऊ करणारा माणूस निघून जातो तेव्हा. पुढच्या बहुतेक चुका या माणसाचा विसर पडल्यामुळेच होतात.

‘रात्री बघू’ म्हणून बोली तशीच ठेवणं

नव्वद हजारांचा आकडा दिसत असेपर्यंत दुसरं कोणी बोली लावत नाही. आधी स्क्रीनशॉट घ्या. मग त्या माणसाला एकदाच विचारा, कारण फोनवर एखादं शून्य जास्त पडणं अगदी सहज घडतं. ई-बे ही लिलावाची परदेशी वेबसाइटसुद्धा चुकून भलताच आकडा टाकला गेला, हे बोली मागे घेण्याचं वैध कारण मानते. तासाभरात उत्तर आलं नाही तर सगळ्यांना दिसेल असं लिहा : ‘ही बोली रद्द. लिलाव सोळाशेवरून पुढे चालू.’ ई-बेवर विक्रेत्याला बोली रद्द करता येते, पण रद्द केलेली बोली परत आणता येत नाही. म्हणून आधी विचारणं बरं.

फक्त वरची बोली काढणं

ही चूक भलेभले करतात आणि मला ती सगळ्यांत जास्त खटकते. टवाळखोर नेहमी नव्वद हजार लिहीत नाही. समजा, खरी बोली सोळाशेवर आहे. तो एकोणीसशे लिहितो. खरा ग्राहक एकवीसशेवर जातो, हा सव्वीसशे करतो आणि लिलाव संपल्यावर फोन उचलत नाही. मग विक्रेता खऱ्या ग्राहकाला कळवतो, ‘अभिनंदन, एकवीसशेत घड्याळ तुमचं!’

पण तो एकवीसशेपर्यंत गेला कुणामुळे? समोर खरा स्पर्धक नव्हताच. एका माणसाच्या बोली खोट्या ठरल्या की त्याच्या सगळ्याच बोली पुसायच्या आणि त्यांच्यावर चढवलेल्या खऱ्या बोलीही खाली आणायच्या. इथे न्याय्य किंमत सोळाशे. पाचशे रुपये सोडताना जीवावर येतं, मान्य आहे. पण ग्रुपवरचे बाकीचे लोक हा हिशेब मनात करतातच.

ई-बेवर प्रत्येकाने सांगितलेली कमाल रक्कम गुप्त ठेवून यंत्रणा गरजेपुरतीच किंमत चढवते. त्यामुळे लिलाव चालू असताना खोटी बोली रद्द केली की उरलेल्या बोलींवरून किंमत पुन्हा ठरते. लिलाव संपल्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला ‘सेकंड चान्स ऑफर’ पाठवली, तर ती मात्र त्याने लावलेल्या सर्वांत मोठ्या बोलीच्या रकमेची जाते. संशय आला असेल तर लिलाव संपायची वाट पाहू नका.

खोट्या बोलीला खोट्या बोलीने उत्तर देणं

मेहुण्याच्या खात्यावरून बोली लावून टवाळखोराला उघडं पाडायचा मोह होतो. तो आवराच. भारतीय वस्तुविक्री कायदा, १९३० याच्या कलम ६४ प्रमाणे विक्रेत्याने किंमत चढवण्यासाठी बनावट बोली लावली, तर खरेदीदाराला तो व्यवहार रद्द करता येतो. म्हणजे टवाळखोर सुटतो आणि अडकता तुम्ही.

नियम आधी न लिहिणं

त्याच कलमाप्रमाणे विक्री पूर्ण झाल्याचं जाहीर होईपर्यंत कुणालाही आपली बोली मागे घेता येते. म्हणून ‘बोली लावलीस ना, आता घे’ एवढ्यावर कुणाला धरता येत नाही. बँका जप्त मालमत्तेचा लिलाव करताना बोलीआधीच अनामत घेतात. जिंकणाऱ्याला त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत किमतीच्या २५ टक्के भरावे लागतात, नाहीतर भरलेले पैसे जातात. तुमच्या ग्रुपवर मोठ्या वस्तूंसाठी दोनशे-तीनशे रुपये यूपीआयने आधी घेऊन, हरलेल्यांना त्याच रात्री परत केले तरी पुष्कळ गाळण होते. बोली किमान कितीने वाढवायची, लिलाव किती वाजता बंद, पैसे किती तासांत, बोली केव्हा रद्द होईल हे पोस्टमध्येच लिहा.

‘आमच्याकडे सगळे ओळखीचे’ म्हणून अनामत टाळू नका. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात चीनच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यातली उंदीर आणि सशाची ब्राँझची मुंडकी तीन कोटी युरोंहून अधिक किमतीला गेली. ती फोनवरून जिंकणाऱ्या चिनी संग्राहकाने नंतर जाहीर केलं की पैसे देणार नाही, बोली निषेध म्हणून लावली होती. त्याचं कारण टवाळीचं नव्हतं, पण विक्रेत्याच्या हातात पैसे आले नाहीत ते नाहीतच.

प्रत्येक नवख्याला चोर समजणं

शून्य फीडबॅकचं, म्हणजे आधीच्या व्यवहारांचा एकही अभिप्राय नसलेलं खातं दिसलं की ब्लॉक करणारे विक्रेते आहेत. उद्याचा पक्का ग्राहक त्यातच असतो. नव्या माणसाला एक फोन करा किंवा अनामत घ्या. ई-बेवर यापूर्वी पैसे न भरलेल्या खरेदीदारांना आणि तुम्ही माल पाठवत नाही त्या देशांतल्या लोकांना आधीच रोखायची सोय आहे. त्रास देणाऱ्यांची नावं ब्लॉकच्या यादीत घाला. पैसे न आल्यास चार दिवस थांबून व्यवहार ‘पैसे भरले नाहीत’ याच कारणाने रद्द करा. दुसरं कारण दिलं तर त्या खात्यावर नोंदच होत नाही आणि तो पुढच्या विक्रेत्याकडे कोरा जातो.

टवाळखोराचा फोटो आणि नंबर ग्रुपवर टाकू नका. खातं चोरलेलं असू शकतं, फोन बापाचा आणि बोटं पोराची असू शकतात. अ‍ॅडमिनला स्क्रीनशॉट द्या.

लिलाव फसलाच तर पुन्हा पोस्ट टाकण्याआधी दुसऱ्या बोलीदाराला निरोप पाठवा : ‘मागच्या लिलावातली वरची बोली खोटी निघाली. ती धरली नाही तर तुमची बोली सोळाशेवर थांबत होती. त्याच किमतीत घड्याळ हवं असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा, नसेल तरी काही हरकत नाही.’