तीन मिनिटांचा फोन आणि गुरुवारची बैठक

मी १९८१ मध्ये टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि २०१८ मध्ये नागपुरातूनच रिटायर झाले. पहिले चार महिने बरे गेले. माळे आवरले, डोळे तपासून घेतले, पुण्याला मुलाकडे राहून आले. मग एका दुपारी लक्षात आलं, की सकाळपासून दूधवाला आणि आमचे हे सोडून कोणाशी एक शब्द बोलणं झालेलं नाही. नोकरीत माणसं आपोआप भेटायची. ड्यूटीवर गेलं की शेजारच्या खुर्चीवर कोणी ना कोणी असायचंच. आता ती भेट आपल्यालाच घडवून आणावी लागते. मी काय काय केलं, ते नव्यानं रिटायर होणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आधी एक वही घ्या, दोनशे पानी. मोबाइलमधली नावं पुरत नाहीत, तिथे गॅसवाला आणि नळवालाही असतो. ज्यांच्याशी बोलायला आवडेल त्या सगळ्यांची नावं वहीत लिहा: चुलत-मामे भावंडं, नणंदा-जावा, जुनी शेजारीण, मुलांच्या वर्गमित्रांच्या आया, ऑफिसातली माणसं. नावापुढे शेवटचं बोलणं झालं ती तारीख टाका. माझी त्रेचाळीस नावं झाली आणि त्यातल्या एकोणीस जणींपुढे तारीखच आठवेना. त्यांच्यापासूनच सुरुवात केली.

रोज एक फोन करायचा, तीन मिनिटांचा. ही आमची खात्यातली सवय. ट्रंक कॉल (ऑपरेटरकडून लावून घ्यायचा परगावचा फोन) तीन मिनिटांचा धरायचे; वेळ झाली की आम्ही मध्येच विचारायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" तेवढ्या वेळात लोक लग्न ठरल्याचं सांगायचे, बाळंतपण सांगायचे, पैसे पाठवा म्हणायचे. आता फोन फुकट झाला आणि लोक म्हणतात, "निवांत बोलू कधीतरी." ते कधीतरी येत नाही. तुम्ही फोन लावला की आधीच सांगा, "पोळ्या करायच्या आहेत, तीनच मिनिटं बोलते." समोरच्यालाही बरं वाटतं. माझ्या एका मावसबहिणीशी अकरा वर्षांनी बोलले. ती म्हणाली, "काऊन गं, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "कोणी नाही गेलं, तुझी आठवण आली." मग आमची चाळीस मिनिटं झाली. लांबला तर लांबू द्यावा. ठरवताना मात्र तीनच ठरवावी. सकाळचे सुप्रभातचे फुलाबिलाचे मेसेज मी यात धरत नाही.

घरच्या माणसांसाठी आणखी एक गोष्ट मी टेलिफोनच्या स्विचबोर्डवरच शिकले. तेव्हा पीपी कॉल असायचा. ज्या माणसाचं नाव दिलं तोच फोनवर आला तर बोलणं सुरू व्हायचं, त्याला पैसे जास्त पडायचे. मी पुण्याला पीपी कॉलच लावते. आधी मुलाला फोन करायचे आणि शेवटी म्हणायचे, "सूनबाईला सांग, विचारलं म्हणून." आता बुधवारी थेट सुनेला करते, तिची ऑफिसची बस असते तेव्हा. मुलाचा विषय त्यात काढत नाही. तिच्या कामातलं मला जे कळत नाही ते विचारते आणि ती समजावून सांगते. नातू नऊ वर्षांचा आहे, त्याचा फोन शनिवारी, फक्त त्याचा. तो मला बुद्धिबळातल्या चाली सांगतो आणि मी इकडे पटावर सोंगट्या हलवते. पुण्याला जाताना तिकीट जायचं-यायचं दोन्ही काढते आणि परतीची तारीख पोचायच्या आधीच सांगते. त्यामुळे घरात कोणाला अंदाज बांधत बसावं लागत नाही आणि निघताना "अजून राहा ना" हे मनापासून येतं.

आता मैत्रिणींचं. भेटीला वार, वेळ आणि जागा तिन्ही ठरलेली हवीत. आम्ही त्रिमूर्तीनगरच्या सात-आठ जणी गुरुवारी बागेत भेटतो. कोणी कोणाला फोन करून बोलवायचं नाही. येईल तिनं यावं, न येईल तिला जाब नाही. नागपुरात मात्र वेळ ऋतूप्रमाणे बदलावीच लागते. हिवाळ्यात सकाळी सातला, उन्हात बसून. एप्रिल-मेमध्ये साडेपाचला जमून सातला घरी. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बाग बंद आणि ज्या घरी मोठा कूलर त्या घरी संध्याकाळी बैठक. उन्हाळ्याचे तीन महिने भेटी थांबल्या तर जूनमध्ये पुन्हा सुरू होत नाहीत, हे आम्ही पहिल्या वर्षी अनुभवलं.

नुसत्या गप्पांवर बैठक टिकत नाही, हाताला काहीतरी काम द्या. आमचं सगळ्यात आवडतं काम सांबारवडीचं. डिसेंबर-जानेवारीत सांबार स्वस्त होतो (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात), तेव्हा एकीच्या अंगणात आम्ही जमतो. दोघी-तिघी जुड्या निवडतात. धुतलेला सांबार जुन्या धोतरावर पसरून अगदी कोरडा करायचा, नाहीतर वडी तेलात फुटते. एक जण खसखस, तीळ आणि सुकं खोबरं भाजते. बेसन-कणकेच्या पारीला आतून चिंचेचा कोळ आणि मसाल्याचा हात फिरवायचा, सारण भरायचं आणि पुडी बांधतो तशी घडी घालून कडा दाबायच्या. एकीचा हात थरथरतो, तिच्याकडून लाटणं होत नाही. ती खसखस भाजते, आणि तिच्यासारखी कोणालाच भाजता येत नाही. सोबत ताकाची कढी. असं काम असलं की अबोल बाईसुद्धा दोन तास बसते.

आमच्यातल्या एकीचे मिस्टर गेले तेव्हा ती सहा महिने आली नाही. सगळ्या तिला म्हणत होत्या, "काही लागलं तर सांग." ती काय सांगणार? दुःखातल्या माणसाला मागायला लावू नका, वेळ सांगून जा. मी म्हटलं, "मंगळवारी साडेदहाला येते, भाजी निवडू." पाच मंगळवार गेले. ती फार बोलली नाही, मीही विचारलं नाही. मेथीच्या दोन जुड्या, वाटाणे, एकदा नुसता लसूण. सांबारवडीच्या दिवशी मी रिक्षा घेऊन तिच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मसाल्याचं मीठ कोण पाहील बाई?" ती पदर खोचूनच बाहेर आली. तिनं बोटावर मसाला घेऊन चाखला आणि म्हणाली, "कमी आहे."

गल्लीतल्या मुलींसाठी आम्ही भुलाबाई (आमच्याकडचा भोंडल्यासारखा गाण्यांचा सण) पुन्हा बसवली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज एका घरी गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाजावरून ओळखताना मुली जो गलका करतात, त्यानं घर भरून जातं. त्या मुली आता रस्त्यात थांबून "आजी, आज काय केलं?" विचारतात. ज्यांची नातवंडं दूर आहेत त्यांनी हे जरूर करावं.

नवरा-बायको दोघं दिवसभर घरात, याचीही घडी बसवावी लागते. आम्ही दुपारी दोन ते चार एकमेकांना हाक मारत नाही. संध्याकाळचा चहा ह्यांचा. त्या वेळी मी स्वयंपाकघरात जात नाही आणि आलं किती घातलं ते बोलत नाही. रविवारी सकाळी हे त्यांच्या जुन्या सोबत्यांबरोबर तर्री-पोहे खायला जातात, एकटे. पुरुषांच्या ओळखी बहुतेक ऑफिसातल्याच असतात आणि लवकर सुटतात, म्हणून तो रविवार मी मोडू देत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. बैठकीत कोणाला गुंतवणुकीची स्कीम सांगू देऊ नका. आमच्याकडे एका ओळखीच्या माणसानं येऊन दोघींचे पैसे अडकवले आणि त्या दोघी लाजेनं यायच्याच बंद झाल्या. पैसे गेले ते गेलेच, मैत्रिणीही दुरावल्या; त्यांना परत आणायला वर्ष लागलं. आणि फोनवर कोणाला अटक होत नसते. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारा चोर असतो, फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. कोणाकडेच बोलायची सोय नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

लांबच्या मैत्रिणींना भेटणं आता सोपं झालंय. एसटीत पंच्याहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत आहे आणि बायकांना तर अर्धंच तिकीट लागतं. आधार कार्ड पर्समध्ये ठेवा. रामटेकला आम्ही असंच जाऊन येतो, पुऱ्या आणि लोणचं घेऊन. गावातल्या गावात मेट्रो. गुडघे दुखणारीला लिफ्ट मिळते आणि मेमध्येही डबा थंड असतो. माझ्या बरोबरीच्या दोन ऑपरेटर पूर्व नागपुरात राहतात. मी सुभाषनगरला बसते, सीताबर्डी ओलांडून पुढे जाते. त्या लाइनीवर टेलिफोन एक्सचेंज नावाचंच स्टेशन आहे, तिथे आम्ही महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकराला भेटतो. नोव्हेंबरात तिघींचे हयातीचे दाखलेही तिथेच बसून मोबाइलवर करून टाकतो. एकीला डोळ्याची उघडझाप जमत नाही, तर दुसरी फोन धरते आणि म्हणते, "हं, आता मिचकाव."