टीएसएच नॉर्मल आला, तरी अंगात त्राण नाही? पुढचा शोध असा घ्या

हातपाय गार पडायचे. विंचरताना कंगवाभर केस यायचे. दुपारी तीन वाजले की डोळे मिटायला लागायचे. आमच्याकडे आई आणि मोठी मावशी दोघींना थायरॉईड, त्यामुळे माझं निदान घरीच होऊन गेलं होतं. थायरॉईडच्या रक्ततपासणीतला टीएसएच हा आकडा २.१ आला. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये केला, मग तिसऱ्या. तिन्हीकडे नॉर्मल. त्यात सात-आठ महिने गेले. खरं कारण एका साध्या रक्ततपासणीत सापडलं: शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपला होता.

तुमचे ते महिने वाया जाऊ नयेत म्हणून हा क्रम लिहिते आहे. थकवा, केसगळती, थंडी वाजणं, पोट साफ न होणं, विसराळूपणा, वाढतं वजन या तक्रारी थायरॉईडमध्ये होतात हे खरं, पण त्या एकट्या थायरॉईडच्या नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. तो कशामुळे होतो आहे, एवढंच अजून शोधायचं राहिलेलं असतं.

पहिली पायरी : हातातला रिपोर्ट नीट वाचा

टीएसएच हा थायरॉईडला 'काम कर' असं सांगणारा, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा निरोप. थायरॉईड मंदावली की हा आकडा वाढतो, जास्त काम करू लागली की घटतो. बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ असते. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असतो. म्हणून तुलना करायची असेल तर एकाच लॅबमध्ये, साधारण एकाच वेळी रक्त द्या.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबवाल्यांना आणि डॉक्टरांना आधी सांगा. बायोटिनचा जास्त डोस बऱ्याच लॅबमधली तपासणीच चुकवतो. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉईड स्वतः बनवते ते संप्रेरक) खोटा जास्त दिसू शकतो. निदान दोन दिवस आधी गोळी बंद ठेवावी. केस गळतात म्हणून बायोटिन आणि केस गळतात म्हणून थायरॉईडची तपासणी, हा योग नेहमीचाच आहे, त्यामुळे हे विसरू नका.

टीएसएच ५-६ असा किंचित जास्त आला तर लगेच आयुष्यभराची गोळी लागली असं नाही. तो बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करतात आणि बरेचदा आपोआप खाली आलेला असतो. युरोपात ६५ वर्षांवरच्या सातशेहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. असा किंचित वाढलेला टीएसएच गोळीने खाली आला, पण थकवा काही कमी झाला नाही. गरोदरपणाचं गणित मात्र वेगळं असतं; तिथे थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

नॉर्मल टीएसएचवर विसंबू नये असा एक अपवाद आहे. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, नंतर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही आणि तेव्हापासून अशक्तपणा आहे, अशा बाईची पिट्युटरी ग्रंथीच दुखावलेली असू शकते. तिचा टीएसएच नॉर्मल दिसू शकतो, पण फ्री टी-४ (रक्तातला मोकळा टी-४) कमी असतो. ही माहिती कितीही जुनी असली तरी डॉक्टरांना सांगायलाच हवी.

दुसरी पायरी : दोन आठवडे वही ठेवा

किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, उठल्यावर ताजं वाटलं का, पाळीचे दिवस, आठवड्यातून एकदा वजन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. बस, एवढंच. त्रास कधी सुरू झाला ते आठवून लिहा आणि त्याआधीचे तीन महिनेही आठवा. डेंग्यू, टायफॉईड, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. ताप विसरलेला असतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही.

तिसरी पायरी : आधी लोह आणि बी-१२ पाहा

मी सगळ्यात जास्त भर इथे देईन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. थकवा, थंडी, केसगळती, जिना चढताना लागणारी धाप, छातीतली धडधड हे सगळं त्यात होतं.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, करून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधी साठा रिकामा होतो. तो फेरिटिन या तपासणीत कळतो. माझं हिमोग्लोबिन ११.८ होतं, 'थोडंसं कमी आहे' म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. फेरिटिन मात्र ६ निघालं. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला असं समजतात, आणि ३० च्या खालीही अनेक डॉक्टर उपचार देतात. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हेही ध्यानात ठेवा.

एक खूण स्वतःशी तपासून पाहा: कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा बर्फ खावासा वाटतो का? बायका हे लाजून सांगत नाहीत. लोह कमी असल्याची ही फार बोलकी खूण आहे, तेव्हा डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

लोह कमी निघालं की ते का कमी झालं हेही विचारा. पाळीत अंगावरून जास्त जातं का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी निघालं तर पोटातून, आतड्यातून रक्त जातं आहे का याचा तपास झालाच पाहिजे. आणि सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) कमी पण फेरिटिन व्यवस्थित असेल तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराची, शंका घेऊन पुढची तपासणी करतात. तिथे लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नसतो.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह कमी शोषलं जातं. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा भरायला साधारण तीन महिने आणखी लागतात.

बी-१२ आपल्याकडे शाकाहारी घरांत बरेचदा कमी असतं. पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला आहे. त्यांच्या एका पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी होतं. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ सोलवटणं, विसराळूपणा ही लक्षणं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल तर मुद्दाम तपासा. नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं.

याच रक्तात साखर आणि ड जीवनसत्त्वही पाहून घ्या. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा (एचबीए१सी) लोह कमी असताना थोडा खोटा वाढू शकतो, म्हणून उपाशीपोटीची साखरही करा.

चौथी पायरी : झोप, पाळी, मन

आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड असेल, तर घरच्यांना विचारा: मी घोरतो का? मध्येच श्वास थांबतो का? असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडण्याची) तपासणी करा, विशेषतः वजन आणि बीपी जास्त असेल तर.

पाळी महिनोन्महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, तर पीसीओएसकडे (अंडाशयांशी जोडलेल्या संप्रेरकांच्या बिघाडाकडे) पाहा. चाळिशीनंतर अचानक अंगातून वाफा निघणं, रात्री घाम, धडधड, उडालेली झोप हे थायरॉईड वाढल्यासारखं वाटतं. ते पाळी जाण्याच्या आधीचे बदलही असू शकतात.

मनाचंही तसंच. कशातच रस वाटत नाही, उगाच रडू येतं, असे दोन आठवड्यांहून जास्त दिवस गेले असतील तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पाचवी पायरी : डॉक्टरांकडे जाताना

वही, सगळे जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. 'मला थायरॉईडच आहे' असं सांगण्यापेक्षा 'थायरॉईड नसेल तर आणखी काय काय पाहायचं?' असं विचारा. बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही थकवा येतो. पण त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आईची थायरॉईडची गोळी महिनाभर घेऊन बघते, असं कृपा करून करू नका. गरज नसताना घेतली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात.

आणि यांपैकी काही असेल तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी शौच, जीव नकोसा वाटणं. मानेला गाठ लागणं, आवाज बसून न सुटणं, कारण नसताना वजन उतरणं यासाठीही चार दिवसांच्या वर थांबू नका.

माझं फेरिटिन ४० च्या वर यायला पाच महिने लागले. केस गळणं त्यानंतर सावकाश थांबलं. घरात थायरॉईड आहे, म्हणून टीएसएच मी वर्षातून एकदा करते, दर जानेवारीत, एकाच लॅबमध्ये, सकाळी आठ वाजता.