सरकारी दवाखान्यात जाण्याआधीची तयारी: कागद, बँक खाते आणि केस पेपर

बेताच्या उत्पन्नात घर चालवणाऱ्या कुटुंबाने सरकारी आरोग्य सवलतींची तयारी सुरू करताना आधी हे पक्के लक्षात घ्यावे, की प्राथमिक तपासणीसाठी कोणत्याही कार्डाची वाट पाहत बसायची नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, औषधे आणि चाचण्या मोफत आहेत आणि केस पेपरचे शुल्कही बंद झालेले आहे. तरीही ‘आमचे कार्ड अजून निघाले नाही’ म्हणून ताप आणि खोकला अंगावर काढणारी माणसे आजही भेटतात, आणि जे औषध फुकट मिळाले असते त्याच्यासाठी शेवटी खासगी दवाखान्यात उसनवारी करून पैसे भरले जातात, याचे फार वाईट वाटते. महानगरपालिकेची रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात येत नसल्याने तिथले दर मात्र केस पेपरच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावेत.

त्यानंतर आपले केंद्र कोणते, हे निरोगी असतानाच माहीत करून घ्यावे. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, डोंगराळ व आदिवासी भागात हेच प्रमाण ३,००० आणि २०,००० असावे, असा निकष आहे. बऱ्याच ठिकाणी पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव दिसते, त्यामुळे जुना दवाखाना बंद झाला असा समज करून घेऊ नये. आपले गाव किंवा वस्ती कोणत्या उपकेंद्राखाली येते, बाह्यरुग्ण विभाग कधी उघडतो आणि रात्री कोण उपलब्ध असते, हे आशाताईंना विचारून त्यांचा फोन क्रमांक घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ठेवावा. मुंबईत २०२२ पासून महापालिकेने वस्त्यांजवळ ‘आपला दवाखाना’ सुरू केले आहेत. दिवसाची मजुरी बुडवणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी जवळच्या अशा दवाखान्याची संध्याकाळची वेळ पाहून ठेवावी.

दवाखान्यात जाताना जुने केस पेपर, आधीचे रक्ताचे अहवाल आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत घालून न्यावीत. ‘बीपीची छोटी पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही, पण रिकामे का होईना, नाव आणि मात्रा वाचता येईल असे पाकीट असेल तर काम होते. घरातील ३० वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी तक्रार नसतानाही करून घ्यावी. उपाशीपोटी साखर तपासायची असल्यास सकाळी चहासुद्धा न घेता जावे. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम मिळतील का, हे विचारावे. एखादे औषध केंद्रात शिल्लक नसेल, तर ते कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावाने लिहून मागावे, म्हणजे जनऔषधी केंद्रातून ते बरेच स्वस्त घेता येते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो कागदांवरच्या नावांना. आधारवर ‘सुनीता’ आणि पासबुकावर ‘सुनिता’, शिधापत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि मतदार ओळखपत्रावर सासरचे, अशा किरकोळ वाटणाऱ्या फरकांवर अर्ज अडतात. म्हणून आधार, शिधापत्रिका आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी करून सासरच्या पत्रिकेत चढवावे आणि बाळाचा जन्मदाखला हातात येताच त्याचेही नाव चढवून घ्यावे. बँकेच्या बाबतीत एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: आधारवर आधारित थेट अनुदान हे सर्वांत शेवटी ज्या खात्याला आधार अनुदानासाठी जोडले गेले त्याच खात्यात जाते, अर्जाबरोबर कोणत्याही पासबुकाची प्रत जोडलेली असली तरी. पैसे ‘आले नाहीत’ म्हणून खेपा घालणाऱ्या कित्येक बायकांचे पैसे खरे तर वापरात नसलेल्या जुन्या खात्यात पडून असतात. तेव्हा कोणते खाते जोडलेले आहे, याची बँकेत आधीच खात्री करावी.

घरात गरोदर स्त्री असेल तर ही तयारी दिवस राहिल्याचे कळताच करावी. उपकेंद्रात लवकर नाव नोंदवून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे, कारण पुढची प्रत्येक तपासणी, लस आणि अनुदान त्याच कार्डावरील नोंदींवर अवलंबून असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. खाते मात्र त्या स्त्रीच्या स्वतःच्या नावावर हवे, पतीचे चालत नाही. दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना जननी सुरक्षा योजनेतून संस्थेतील प्रसूतीसाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण हक्काची आहे. सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत असते. त्यात औषधे, रक्त, आहार आणि घरापासून ने-आण येते, म्हणून रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक कार्डाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. क्षयरोगाचे निदान झालेल्या रुग्णाने उपचारांबरोबर निक्षय नोंदणी (क्षयरुग्णांची सरकारी नोंद) आणि बँक खात्याचा तपशील दिला, तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची कार्डे वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या, ठरावीक आजारांतील रुग्णालयीन उपचारांसाठी आहेत. सर्दी-तापाच्या तपासणीला त्यांचा उपयोग नसतो, तरी ती निरोगी असतानाच काढावीत. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नसून आधारवर वेगळे कार्ड मिळते. प्राथमिक केंद्रातून मोठ्या रुग्णालयात पाठवताना संदर्भ चिठ्ठी अवश्य मागून घ्यावी, तिथे पोहोचल्यावर प्रथम आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला, भेटावे आणि कोणी आगाऊ रक्कम मागितल्यास पैसे भरण्यापूर्वी १५५३८८ किंवा १४५५५ या योजनांच्या मदत क्रमांकावर विचारणा करावी.