तालुक्यात कुठला धंदा वाढला, कुठला आटला: मुंबईत बसून हिशेब कसा मांडायचा

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या मीटिंगमध्ये हा वाद हमखास निघतो. एक म्हणतो, गावात कामधंदाच राहिला नाही. दुसरा म्हणतो, जाशील तिथे होमस्टे झालेत. दोघांनीही गाव पाहिलेलं असतं ते मे महिन्यात नाहीतर गणपतीत. चाकरमानी आलेले असताना किराणा, रिक्षा, वडापावची गाडी सगळंच जोरात चालतं, त्यामुळे त्या दिवसांतला अंदाज हिशेबात धरू नका. आकड्यांवरूनच बोलायचं असेल तर त्यातलं बरंचसं काम मुंबईतूनच होतं. उदाहरणाला रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातला तालुका घेऊ.

सुरुवात २००१ आणि २०११ च्या जनगणनेपासून करा. प्राथमिक गोषवाऱ्यात गावनिहाय शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर असे चार रकाने मिळतात. वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम केलेले ‘मुख्य’, त्याहून कमी केलेले ‘सीमांतिक’. दोन्ही वेगळे लिहा. हंगामापुरती काजूगर सोलणारी बाई मुख्य कामगारांत दिसणारच नाही. आणि नुसती संख्या पाहू नका, टक्केवारीही काढा: रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. शेतमजुरांचा आकडा खाली आला तर शेती बसली की माणसंच मुंबई-पुण्याला गेली, हे टक्केवारीशिवाय कळत नाही. ‘इतर’ या रकान्यात मात्र शिक्षकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे कोंबलेले असतात.

तो रकाना फोडायला आर्थिक गणना, म्हणजे दुकानं, कारखाने आणि तिथल्या माणसांची सरकारी मोजणी, लागते. २००५ ची पाचवी आणि २०१३-१४ ची सहावी शेजारी शेजारी ठेवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पाचवीत उद्योगांचे कोड २००४ च्या वर्गीकरणाचे आहेत, सहावीत २००८ च्या. जुन्या कोड ५५ मध्ये लॉज आणि खानावळी एकत्र होत्या. नव्यात ५५ म्हणजे फक्त राहण्याची सोय, खाण्याचे धंदे ५६ मध्ये गेले. सरळ ५५ ला ५५ लावलं की हॉटेलधंदा कोसळल्यासारखा दिसतो. नवे ५५ आणि ५६ मिळवून मगच जुन्या ५५ शी ताडा. सहाव्या गणनेत पिकांची शेती आणि सरकारी प्रशासन धरलेलं नाही. २००५ च्या तक्त्यात प्रशासनाचा कोड ७५ असेल तर तो वजा करा, नाहीतर सरकारी नोकऱ्या एका फटक्यात उडाल्याचं निघेल.

आता वाढीची फोड. आकडे कल्पित आहेत: तालुक्यात हॉटेलांतली माणसं ४०० होती, ५२० झाली. त्याच काळात राज्यात एकूण रोजगार १२ टक्के वाढला, राज्यातली हॉटेलं २५ टक्के. ४०० चे १२ टक्के म्हणजे ४८, हे सगळीकडे वाढलं म्हणून. २५ वजा १२, म्हणजे १३ टक्के, म्हणजे ५२, हे हॉटेलधंदाच वाढता असल्यामुळे. उरलेले २० तुमच्या तालुक्याची खरी कमाई. हा शेवटचा आकडा उणे आला तर संख्या वाढूनही तालुका मागे पडलाय. मात्र १० माणसांचे १५ झाले की ५० टक्के वाढ दिसते. ५० पेक्षा कमी माणसांच्या धंद्याची टक्केवारी काढूच नका.

अलीकडच्या वर्षांसाठी लोक उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि पीएफच्या आकड्यांकडे धावतात. उद्यम १ जुलै २०२० पासून सुरू आहे, माहिती मालकानेच भरलेली असते, आणि कर्जासाठी किंवा योजनेसाठी जुनी दुकानंही नव्याने नोंदली गेली. त्यामुळे नोंदणी वाढली म्हणजे नोकऱ्या वाढल्या असं नाही. पीएफ साधारण २० माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो. एकोणिसाचे वीस झाले की नोकरी एकच वाढते, पण यादीत वीसच्या वीस नवे दिसू शकतात. शिवाय कंपनीची नोंद मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर असली तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे एमआयडीसीतल्या कामगाराची नोंद अंधेरीत सापडते.

वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. तिथे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनाचे, म्हणजे जिल्ह्याच्या आकडेवारीच्या पुस्तकाचे, जुने अंक मागा. एकाच तक्त्याची पाच-सहा वर्षं ओळीने लावली की नोंद कुठे बदलली ते तळटिपांत सापडतं. तळटीप सोडून तक्ता उतरवणं हा आळस महागात पडतो.

पडताळा विजेच्या जोडण्यांवरून घ्या. माहिती अधिकारात तालुक्यातल्या औद्योगिक आणि व्यापारी जोडण्या वर्षनिहाय मागा: चालू किती, कायमच्या बंद किती. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. उत्तराची मुदत ३० दिवस. कॅनिंगचं युनिट कागदावर चालू आणि जोडणी कायमची तोडलेली असेल तर कुणाचं खरं, हे सांगायला नको.

शेवटी गावात जाऊन मोजणी, पण दोनदा: एकदा फेब्रुवारीत, एकदा जुलैमध्ये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, चिरेखाणी पावसात थांबतात. फक्त जुलै पाहिला तर बंदर मेलेलं वाटेल. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारा: आज कामावर किती, आणि त्यातले तालुक्यातले किती? बोटीवरचे खलाशी आणि आंब्याच्या बागेतले राखणदार पुष्कळदा नेपाळचे असतात, खाणीवरचे मजूर परराज्यातले. म्हणून वहीत ‘तालुक्यातली कामं’ आणि ‘तालुक्यातल्या माणसांची कामं’ असे दोन रकाने आखूनच निघा. मीटिंगमधले दोघेही बहुतेक वेगवेगळ्या रकान्याबद्दल भांडत असतात.