तीन वर्षांचं शेतीचं कॅलेंडर शीटमध्ये मांडायचंय? ही तयारी आधी करा

शेताचं वर्ष डिसेंबरला संपत नाही. कपाशीची वेचणी जानेवारीत जाते. अमरावतीतल्या वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याचं तर विचारूच नका: आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं) डिसेंबर २०२६ ला दिला, तर फळ तोडायला २०२७ ची दिवाळी येते, आणि मधल्या जूनमध्ये दुसऱ्या तुकड्यावर मृग बहार फुटलेला असतो. म्हणून बारा महिन्यांच्या बारा शीट करायच्या भानगडीत पडू नका. एकच लांब शीट, दिवसाला एक ओळ.

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी पंचांग, बँकेचं पासबुक, सातबारा आणि मागच्या हंगामाची पेरणी-फवारणीची वही जवळ घेऊन बसा. मग सुरुवातीची तारीख ठरवा. १ मार्च २०२६ सोयीची पडते, कारण पाडवा, १ एप्रिलचं आर्थिक वर्ष, जूनचा खरीप आणि १ ऑगस्टचं महसुली वर्ष हे सगळं तिच्या पुढे येतं. तिथून २८ फेब्रुवारी २०२९ पर्यंत १०९६ दिवस होतात. २०२८ लीप वर्ष आहे, म्हणून एक जास्तीचा.

गुगल शीट वापरत असाल तर फाइलच्या सेटिंगमध्ये लोकॅल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) 'इंडिया' आहे का ते पहिल्यांदा बघा. अमेरिकेचं राहिलं तर ५/६/२०२६ म्हणजे ५ जून न होता ६ मे होते, आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. १३/६/२०२६ मात्र तारीखच होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती डाव्या कडेला चिकटून मजकूर म्हणून पडून राहते. डावीकडे चिकटलेली तारीख दिसली की समजायचं, गडबड आहे. अंक इंग्रजी कीबोर्डचे आणि साल चार आकडी टाका.

नवीन गुगल शीटला हजारच ओळी असतात, तेव्हा तळाशी जाऊन आणखी ओळी आधी वाढवून घ्या. पहिली ओळ मथळ्यांची. ए२ मध्ये १/३/२०२६, ए३ मध्ये =A2+1, म्हणजे 'बरोबर ए२ अधिक १'. आता माऊस धरून हजार ओळी ओढत बसू नका: ए३ कॉपी करा, डावीकडच्या नावाच्या चौकटीत ए४ ते ए१०९७ टाकून एंटर मारा आणि पेस्ट करा. ओळ ७३२ वर २९ फेब्रुवारी २०२८ आणि शेवटच्या ओळीत २८ फेब्रुवारी २०२९ दिसली पाहिजे. दिसली की सगळा रकाना कॉपी करून जागच्या जागी 'फक्त व्हॅल्यू' पेस्ट करा. हे विसरलात तर मधली एक ओळ कुणी डिलीट केल्याबरोबर खालच्या सगळ्या तारखांची वाट लागते.

हंगामाचा रकाना वेगळा ठेवा. ईडेट (EDATE) फंक्शनने तारीख ५ महिने मागे नेऊन तिचं साल काढलं, की जून ते मे एकाच सालात बसतात. तेच ३ महिने मागे नेलं की आर्थिक वर्ष मिळतं. आठवड्याचा वार आकड्यात देणाऱ्या वीकडे (WEEKDAY) फंक्शनला दुसरा आकडा २ दिला तर सोमवार १ होतो. गुरुवारचा बाजार असेल तर ४ आल्यावर कंडिशनल फॉरमॅटिंगने ओळ पिवळी करा. त्या दिवशी वेचणीला बाया मिळत नाहीत आणि चुकाराही त्याच्या आधी करावा लागतो. रंगाच्या सूत्रात ए च्या आधी डॉलर टाका, नाहीतर पूर्ण ओळीला रंग चढत नाही.

नक्षत्रं आणि सण यांची गल्लत करू नका. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, तो एकदा लिहिला की झालं. पोळा तसा नाही. २०२५ मध्ये तो २२ ऑगस्टला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो सप्टेंबरात गेला. सणांना साधं सूत्र नाही, पंचांगातून हातानेच टाका. सालदार पाडवा ते पाडवा ठेवत असाल तर हे आधी बघाच: १९ मार्च २०२६ ते ७ एप्रिल २०२७ हे साल ३८४ दिवसांचं आहे. साल किती दिवसांचं ते ठरवतानाच बोलून घ्या, नाहीतर शेवटच्या महिन्यात तोंड वाकडं होतं.

कामं या लांब शीटमध्ये थेट लिहू नका. 'कामे' नावाची दुसरी शीट करा: तारीख, काम, तुकडा, झालं की नाही. पेरणीची तारीख एकाच चौकटीत ठेवा आणि बाकीच्या तारखा तिच्यावरून काढा. कपाशी २० जूनला पेरली तर बोंडअळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे ४५ दिवसांनी, म्हणजे ४ ऑगस्टला. सोयाबीन १०० दिवसांचं धरलं तर सोंगणी २८ सप्टेंबरच्या आसपास. पाऊस लांबला तर एकच तारीख बदलायची. त्या चौकटीच्या पत्त्यात अक्षर आणि आकडा दोन्हींच्या आधी डॉलर हवा. तो राहिला की खाली ओढताना पत्ता सरकतो, रिकाम्या चौकटीत ४५ मिळवले जातात आणि १९०० सालातली तारीख उगवते. दुबार पेरणी झाली तर जुनी तारीख खोडू नका, नव्या ओळी टाका. बियाण्याचा खर्च दोनदा झाला हे दिसायला हवं.

बँकेचे हप्ते ३१ तारखेचे असतील तर ईडेट साखळीने लावू नका. ३१ जानेवारीनंतर २८ फेब्रुवारी येते आणि तिच्यावरून पुढची काढली की २८ मार्च. प्रत्येक हप्ता मूळ तारखेवरूनच मोजा. पीक विमा आणि ई-पीक पाहणीच्या तारखांना 'जाहीर झाल्यावर' असा शेरा ठेवा, त्यांना मुदतवाढ मिळत राहते.

लांब शीटमध्ये त्या दिवसाची कामं आणायला फिल्टर (FILTER, त्या तारखेच्या ओळी निवडतं) आणि टेक्स्टजॉइन (TEXTJOIN, त्या एका चौकटीत जोडतं) एकत्र वापरा. काम नसलेल्या दिवसासाठी बाहेरून इफएरर (IFERROR) गुंडाळा, म्हणजे चुकीच्या खुणेऐवजी चौकट रिकामी राहते. गुगल शीटमध्ये हे चालतं, एक्सेल २०१९ मध्ये फिल्टर फंक्शनच नाही. फोनवर फाइल ऑफलाइन करून ठेवा, धुऱ्यावर रेंज असेलच असं नाही. सेवा केंद्रातून प्रिंट काढायची तर एका वेळी एकच महिना फिल्टर करा आणि मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर येईल असं सेटिंग करा, नाहीतर छत्तीस महिन्यांचं भेंडोळं हातात येतं.