उद्दिष्ट ५३, गरोदर ३१

सार्वजनिक आरोग्य शिकून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी रुजू झाले, तेव्हा राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मला तोंडपाठ होतं. त्यातली उद्दिष्टं: अर्भक मृत्युदर २०१९ पर्यंत हजार जन्मांमागे २८, माता मृत्यू २०२० पर्यंत लाख जन्मांमागे १००. पहिल्याच मासिक आढावा बैठकीत एका उपकेंद्राच्या सिस्टरला उभं केलं. "उद्दिष्ट ५३, नोंदणी ३१. बाकीच्या २२ कुठायत?"

"सायेब, गरोदर बाई मी आणू कुठून?"

सगळे हसले. मीही हसले, त्याची अजून लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर वाडीत फिरले. चढणीवर ओळीनं सात घरं, त्यातल्या चारांना कुलूप. पाचव्या घरी म्हातारी ओटीवर आमसुलं वाळत घालत होती. "सून डोंबिवलीला हाय, बाय. गनपतीत येल." सिस्टरनी पेन्सिलीनं रजिस्टरात खूण केली.

ते ५३ आले कुठून? नवीन लागलेल्यांनी हे गणित एकदा स्वतः करावं. उपकेंद्राची लोकसंख्या ३,०००, जन्मदर हजारी १६ धरला तर ४८ जन्म, गर्भपात वगैरेंसाठी १० टक्के जास्त, झाले ५३. कागदावर चोख. पण २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरली, सिंधुदुर्गाचीही घटली. तरणी जोडपी मुंबईला, मागे उरतात ती वयस्क माणसं. राज्याचा जन्मदर त्यांना लावून कसं चालेल?

उलटंही होतं. नालासोपाऱ्यात नोंदवलेली लेक सातव्या महिन्यात माहेरी येते, बाळाच्या लशी इथं होतात, आणि मे महिन्यात आमचं लसीकरण १०० टक्क्यांच्या वर जातं. तेव्हा मात्र कुणी काही विचारत नाही! म्हणून टक्केवारी दिसली की आधी भागलंय कशानं ते बघा.

दुसरं बघायचं ते मोजतायत नेमकं काय. कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' म्हणजे दर १०,००० लोकांमागे उपचाराखाली एकापेक्षा कमी रुग्ण. भारतानं ते डिसेंबर २००५ मध्ये गाठलं. पण जास्त जंतू असलेल्या रुग्णाचा उपचार २४ महिन्यांवरून १२ वर आला, की नवे रुग्ण तेवढेच असले तरी यादी आखूड होते. त्यामुळे मी आधी नवे रुग्ण किती आणि त्यात विकृती आलेले किती, हे रकाने उघडते.

उद्दिष्टं नकोतच, असं मी म्हणणार नाही. वर आकडा नसता तर आमच्याकडं लशींच्या शीतपेटीला पैसे आले नसते. देशाचा अर्भक मृत्युदर २०२० मध्ये २८ झाला, वर्षभर उशिरा. पण देशासाठी ठरवलेला आकडा भागत भागत एका बाईच्या माथी आला, की ती बाई आकडा सांभाळायला लागते. नसबंदीच्या बाबतीत हे इतकं झालं, की केंद्रानं एप्रिल १९९६ पासून ती उद्दिष्टं काढूनच टाकली. (टेबलावर तोच आकडा 'अपेक्षित कामगिरी' म्हणून परत बसला, ते वेगळं.)

आम्ही घरोघरी फिरून खरी डोकी मोजली, १५ ते ४९ वयाच्या बायका वेगळ्या काढल्या आणि तक्ता वर पाठवला. सिस्टर म्हणाल्या, "बघू या."

एप्रिलमध्ये नवं पत्र आलं. उद्दिष्ट ५४.