आपल्या ओढ्यात खेकडे किती? मोजायचे कसे

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की बालाघाटाच्या कुशीतल्या गावांत पोरं बॅटरी आणि बादली घेऊन ओढ्याकडे निघतात. कुणाच्या बादलीत वीस खेकडे येतात, कुणाच्या पन्नास. विहिरीच्या पाण्याची खोली आपण परस या मापात मोजतो, बाजरी पोत्यात मोजतो, पण ओढ्यात खेकडे होते किती आणि आपण नेले किती, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. हा हिशेब शाळेतली आठ-दहा पोरं एका आठवड्यात मांडू शकतात.

तो मांडायलाच हवा, कारण आपला खेकडा कोकणातल्या चिंबोरीसारखा नाही. खारफुटीच्या चिखलात वाढलेली चिंबोरीची मादी अंडी घालायला खाडीतून समुद्राकडे जाते आणि एका वेळी लाखोंनी अंडी देते. पिल्लं काही आठवडे समुद्रात तरंगत वाढतात, मग पुन्हा खाड्यांमध्ये शिरतात. त्यामुळे एका खाडीतली चिंबोरी कमी झाली तरी बाहेरून नवी पिल्लं येण्याची वाट उघडी असते. आपल्या ओढ्यातल्या मादीची अंडी त्या मानाने फारच थोडी, पण मोठी. अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर पडतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या पट्टीला बिलगून राहतो. बाहेरून कुणी येत नाही. ओढा एकदा रिकामा झाला की तो पुन्हा भरायला वर्षं जातात.

सुरुवात जागेपासून करा. पाण्याची धार चालू असलेला, साधारण 100 मीटरचा तुकडा निवडा आणि दोन्ही टोकांना चुन्याने किंवा दगड रचून खूण करा. पावसाचा जोर ओसरून पाणी निवळलं की मोजणीला बसा. पूर आलेल्या ओढ्यात उतरूच नका. वर डोंगरात पाऊस चालू असेल तर आपल्याकडे आभाळ कोरडं असूनही लोंढा येतो. सोबत मोठं माणूस हवंच. बिळात हात घालायचा नाही, कारण त्याच बिळात साप बसलेला असू शकतो.

अंधार पडल्यावर तासाभराने काठाने चालत या. बाहेर आलेला खेकडा मागच्या बाजूने, कवचाच्या दोन कडांना धरून उचला, म्हणजे नांग्या तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. प्रत्येकाच्या तीन गोष्टी वहीत लिहा: कवचाची सर्वांत रुंद ठिकाणची रुंदी मिलिमीटरमध्ये (पट्टी चालते, शाळेत व्हर्नियर असेल तर उत्तम), नर की मादी, आणि मादी असेल तर पोटाखाली अंडी-पिल्लं आहेत का. खेकडा उलटा केला की लगेच कळतं. नराच्या पोटावरची पट्टी अरुंद, टोकाकडे निमुळती असते. वयात आलेल्या मादीची रुंद आणि गोलसर. पिल्लं असलेली मादी लगेच, अलगद पाण्यात सोडा. तिला बादलीत ठेवलं तर पिल्लं गळून पडतात.

बाकीच्यांचं कवच फडक्याने कोरडं करून पाठीवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. डोळे आणि पायांचे सांधे टाळा. ठिपका वाळला की ज्याला जिथून उचललं तिथेच सोडा. सगळ्यांना एकाच डोहात ओतलं तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

तीन दिवसांनी त्याच वेळी, तितकाच वेळ, तोच तुकडा पुन्हा फिरा. यात आठवडे घालवू नका, कारण खेकडा कात टाकतो आणि जुन्या कवचाबरोबर ठिपकाही जातो. समजा पहिल्या रात्री 40 खेकड्यांना ठिपके दिले. दुसऱ्या फेरीत 50 सापडले, त्यांपैकी 10 ठिपक्याचे. म्हणजे पाचातला एक ठिपक्याचा. आपण दिलेले ठिपके 40, म्हणून एकूण खेकडे 40 गुणिले 50 भागिले 10, म्हणजे 200. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी 1896 मध्ये माशांना खुणा करून अशाच विचाराला वाट करून दिली आणि 1930 मध्ये अमेरिकेत लिंकन यांनी बदकांसाठी तो वापरला. आकडे लहान असतील तर दोन्ही फेऱ्यांच्या आकड्यांत आणि ठिपकेवाल्यांच्या आकड्यातही एकेक मिळवून हिशेब करा, शेवटी एक वजा करा: 41 गुणिले 51 भागिले 11, वजा 1, म्हणजे सुमारे 189. हा आकडा जास्त भरवशाचा.

पण हा हिशेब फसतो कुठे, हे नीट समजून घ्या. मधल्या तीन दिवसांत मोठा पाऊस झाला, कुणी त्या तुकड्यात खेकडे धरले, किंवा एकदा हाताळल्याने घाबरलेले खेकडे बिळातच बसून राहिले, तर ठिपकेवाले कमी सापडतात आणि उत्तर फुगतं. फुगलेला आकडा धोक्याचा, कारण तो पाहून माणूस आणखी धरायला निघतो. पाऊस झालाच तर ती मोजणी सोडून द्या आणि पहिल्यापासून करा.

उन्हाळ्यात पाणी आटलं की खेकडे ओलीच्या मागे बिळात खोल जातात. तेव्हा बिळं मोजा. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर ते बीळ सोडून द्या. बाकीच्यांची तोंडं संध्याकाळी ओल्या मातीने हलकेच लिंपा आणि सकाळी पाहा. आतून उघडलेलं बीळ म्हणजे बहुधा घर भरलेलं, पण उंदीरही माती उकरतो, म्हणून ताज्या चिखलाच्या गोळ्या आणि पायांच्या खुणा पाहूनच ते मोजा. नाला खोलीकरणासाठी काठ खरवडायचा बेत असेल तर ही मोजणी त्याआधी झालेली असावी.

शेवटी वहीतल्या रुंद्या दहा-दहा मिलिमीटरच्या गटांत मांडा. सर्वांत लहान गटात भरपूर खेकडे असतील तर ओढा नव्याने भरतो आहे. फक्त मोठेच दिसत असतील तर पिल्लं वाचत नाहीत, असा संशय घ्या. पुढच्या पावसाळ्यात त्याच खुणांमधून, त्याच आठवड्यात पुन्हा मोजा. दुसऱ्या वर्षीही लहान गट रिकामा निघाला तर त्या तुकड्यातले खेकडे धरणं थांबवा, आणि ते थांबवायचं हे वही पुढे ठेवून चावडीवर सांगा.